सगळ्यात हळू चालणारा पुढे

मागच्या अंकात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं आणि डोंगरात सलग तीन-चार दिवस आपल्या माणसांबरोबर राहणं या दोन पार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट इंदूरच्या मराठी घरांनी एकदा तरी करून बघावी. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही राजेंद्र नगरला राहतो, एकत्र कुटुंब आहे, सासरे ६७ वर्षांचे, माझी मुलगी ९ वर्षांची, शिवाय दीर-जाऊ आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. पावसाळ्यात पाताळपाणी, चोरल, जानापाव सगळं करतो, सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचं आणि रात्री सराफ्यात खाऊन घरी. आता ह्यांच्या डोक्यात पाठीवर सामान घेऊन चार दिवसांचा ट्रेक बसलाय. खरं सांगा, एवढं ओझं उचलायचं, आंघोळ नाही, जमिनीवर झोपायचं, यात आनंद नक्की कशाचा?

उत्तर : रास्त प्रश्न आहे तुमचा, आणि ओझं लागत नाही असं मी अजिबात सांगणार नाही. पहिला दिवस कष्टाचाच जातो. खांदे भरून येतात, मुलगी दर दहा मिनिटांनी अजून किती राहिलं विचारते, दीरांना कामाचे फोन येत असतात आणि तुमच्या डोक्यात गॅसचं बटण बंद केलं का तेच चाललेलं असतं. एका दिवसाची ट्रिप नेमकी इथे संपते, म्हणून तिच्यात मजा येते, फोटो मिळतात, पण त्याच्या पुढचं काही हाती लागत नाही.

खरं सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. तोवर नेटवर्क गेलेलं असतं आणि ठरवायच्या गोष्टी तीन-चारच उरतात, पाणी कुठे भरायचं, मुक्काम कुठे, शिजवायचं काय, पाऊस आला तर आडोसा कुठला. घरी तुम्ही सगळे एकाच छताखाली असता, पण एकाची स्कूलबस, एकाची ट्यूशन, एकाचं दुकान, एकाची मालिका, सगळे एकत्र जेवायला बसले असा दिवस महिन्यात किती वेळा येतो ते आठवून बघा. डोंगरात सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते, एकाच पातेल्यातलं वाढून घेतात आणि साडेआठला सगळ्यांचेच डोळे मिटायला लागतात. आणि मधले चालण्याचे जे पाच-सहा तास असतात ना, त्यात बोलणं होतं, घरात समोरासमोर बसून होत नाही असं बोलणं, कारण चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, घाई नसते, मधेच गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही. आमच्या एका ग्रुपमधे एक आजोबा होते, घरी फारसे बोलत नाहीत असं त्यांची सूनच सांगायची, ते तिसऱ्या दिवशी चढावर नातवाला मिलच्या रात्रपाळीच्या गोष्टी सांगत होते, भोंगा व्हायच्या आत सायकलवरून कसं पोहोचायचं, डब्यात काय असायचं, कोण मित्र होते, आणि मागून चालणारा त्यांचा मुलगा मला म्हणाला, हे मी पण पहिल्यांदाच ऐकतोय. असं घडताना मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दरवेळी तितकंच बरं वाटतं.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर तिला नुसतं सोबत नेऊ नका, खरं काम द्या. पाण्याच्या बाटल्या मोजणं तिचं, मुक्कामावर पोचल्यावर चपला-बूट एका रांगेत ठेवणं तिचं, नकाशात आज आपण कुठे आहोत ते दाखवणं तिचं. नऊ वर्षांच्या पोरीला कळतं की हे काम लुटुपुटूचं आहे की खरं, आणि खरं असलं की ती दोन दिवसांत मोठ्यांना ओरडायला लागते, बाबा तुमची बाटली कुठाय म्हणून. आणि आंघोळ नाही याचं दुसऱ्या दिवसापासून कुणाला काही वाटत नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसलं की पुरतं. उलट दिवसभर चालून जी झोप लागते ती गादीवर लागत नाही, जाऊबाईंना तिसऱ्या दिवशी विचारा.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरचे तीन मित्र आणि तिघांच्या फॅमिली, पहिलाच ट्रेक. डायरेक्ट हिमालयात जावं का आधी जवळपास काही करावं? इंदूरहून सोपं काय पडेल?

उत्तर : आधी जवळ. पहिल्यांदा जाताना थंडी, उंची, लांबचा रेल्वे प्रवास आणि पाठीवरचं ओझं हे सगळं एकदम अंगावर घेऊ नका.

माझ्या मते इंदूरकरांसाठी सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं बागलाण, तिथले साल्हेर-मुल्हेर हे किल्ले. आपल्याकडचे लोक सह्याद्री म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे किल्ले धरतात पण सह्याद्रीचं उत्तर टोक आपल्याला बरंच जवळ आहे, आग्रा-मुंबई रोडने सेंधवा, धुळे, मालेगाव आणि तिथून सटाणा-ताहराबाद, सकाळी लवकर निघालात तर दिवसाउजेडी मुल्हेर गावात. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि २०२५ मधे युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यात त्याचं नाव आहे. १६७२ ला याच्याच पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं, प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे दोघेही होते त्या लढाईत, सूर्याजी काकडे तिथेच पडले. होळकरांच्या गावात वाढलेल्या मुलांना हे त्या जागेवर उभं राहून सांगायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

चार दिवस असे बसवा. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुल्हेर गाव. दुसऱ्या दिवशी मुल्हेर किल्ला, वर सोमेश्वराचं देऊळ आहे, मोती तलाव आहे, झाडी भरपूर, आणि ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी शेजारचा मोरा किल्ला करून यावं, बाकीच्यांनी देवळापाशी बसावं. तिसऱ्या दिवशी खाली उतरून जीपने वाघांबे, तिथून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीत चढायचं, कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे, वर गंगासागर तलाव, गुहा, आणि टोकावर परशुरामाचं छोटं देऊळ. चौथ्या दिवशी दुसऱ्या बाजूने साल्हेरवाडीत उतरायचं म्हणजे त्याच वाटेने परत यावं लागत नाही. हवा स्वच्छ असेल तर वरून मांगी-तुंगीचे सुळके दिसतात, सप्तशृंगीचा डोंगर दिसतो. किल्ल्यावर मुक्काम करायचा असेल तर आधी पायथ्याच्या गावात विचारा, वाटाड्या गावातलाच घ्या, आणि त्याच्या घरी एक जेवण नक्की सांगा, बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बेस्ट काळ. मार्चनंतर कातळ तापतो आणि टाक्यांतलं पाणी उतरतं, लहान मुलं असतील तर मग नकोच.

दुसरा पर्याय पचमढी. इंदूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पिपरियाला उतरायचं, पुढे सुमारे ५० किलोमीटर रस्ता. धूपगड १३५२ मीटर, सातपुड्याचं आणि आपल्या अख्ख्या मध्यप्रदेशचं सगळ्यात उंच टोक, चौरागडाच्या पायऱ्या आहेत, खोल दऱ्या आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, जंगल खात्याची परवानगी आणि गाइड लागतोच. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास तिथली नागद्वारी यात्रा असते, तेवढेच दिवस ती वाट उघडते आणि विदर्भातून गावंच्या गावं येतात, म्हातारी माणसं, कडेवर पोरं, पावसात भिजत डोंगर चढतात. घरच्यांना घेऊन डोंगरात चालणं हे काही शहरातल्या लोकांनी नव्याने शोधलेलं नाही, ते बघायचं असेल तर एकदा तिथे जा.

हे जमलं की मग हिमालय, आणि त्यातही आधी उत्तराखंडातलं हर की दून. सांकरी गावातून सुरुवात, नदीच्या काठाने वाट, लाकडी घरांची गावं, आणि चढ अंगावर येत नाही, शेवटची उंची सुमारे ३५६० मीटर, समोर स्वर्गारोहिणीचं शिखर. खर्चाचा विचार असेल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे कॅम्प स्वस्त आणि शिस्तीचे असतात, पण त्यात वयाची अट असते ती आधी बघा.

प्रश्न : ताई मी भंवरकुवाला राहून पीएससीची तयारी करतो. आम्ही चार मित्र, माझी लहान बहीण आणि आत्या असे जाणार आहोत. प्रॉब्लेम असा की दोन मित्र जिम वाले आहेत, ते पुढे पळतात आणि आत्या ५४ ची आहे. मागच्या वेळी जानापावलाच भांडण झालं, ते वर जाऊन अर्धा तास बसून वैतागले आणि आत्या पोचली तशी लगेच निघाले, तिला पाणी पण पिऊ दिलं नाही. मी कुणाबरोबर चालू?

उत्तर : आत्याबरोबर चाल. आणि निघायच्या आधी त्या दोघांना घरी बोलव, चहा पाज आणि एक नियम सांग, सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. आत्या पुढे, तिच्यामागे बहीण, मग तुम्ही, आणि जो सगळ्यात दणकट आहे तो सगळ्यात शेवटी.

यात दोन गोष्टी होतात बघ. मागे राहणाऱ्या माणसाला कायम वाटत असतं की आपल्यामुळे सगळे खोळंबलेत, मग तो धापा टाकत ओढत येतो, थांबत नाही, पाणी पीत नाही, आणि दुखापत अशाच माणसाला होते. तोच पुढे आला की ओझं मनावरून उतरतं आणि खरं सांगते त्याचा स्पीडसुद्धा वाढतो. आणि दुसरं, जे तुझ्या आत्याच्या बाबतीत झालं ते होत नाही, म्हणजे पुढच्यांची विश्रांती संपली की मागच्याची सुरू व्हायच्या आत निघायचं. सगळे एकदम थांबतात, एकदम निघतात. पन्नास मिनिटं चालायचं दहा मिनिटं बसायचं, आणि वाट जिथे फुटते तिथे शेवटचा माणूस येईपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही, हा नियम तर मोडायचाच नाही, डोंगरात माणसं हरवतात ती फाट्यावरच.

वेळेचा अंदाज लागतो तो असा काढ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे एक हिशोब दिला होता तो अजून जगभर वापरतात, ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी १ तास. पण तो सडसडीत माणसाचा हिशोब आहे, घरच्या ग्रुपने त्याच्या दुप्पट वेळ धरावा आणि जेवणाचा तास वेगळा. म्हणजे १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर कागदावर ३ तास, तुमचे ६ आणि वर जेवण. सकाळी सातला निघालात तर दोनला मुक्कामावर, म्हणजे उजेडात तंबू लागतो, आत्याला पाय पसरून बसता येतं.

त्या दोघांचा जोर वाया जात नाही, काळजी करू नको. त्यांना तंबू आणि भांडी दे उचलायला. मुक्कामावर पोचून पाणी आणायला त्यांना पाठव. आणि टोकावर जायचं असेल तर आत्या मुक्कामावर आराम करत असताना तेवढं दोघांनी जाऊन यावं, त्यात काही वाईट नाही. पण चालायच्या वेळी सगळे एक. मी इतक्या ग्रुपमधे बघितलंय, सुरुवातीला हा नियम कुणालाच आवडत नाही आणि तिसऱ्या दिवशी जिम वालेच इतरांना ओरडतात, अरे थांबा, आत्या येऊ दे. मैत्री घट्ट होते ती तिथे. शिखरापर्यंत नाही पोचलात तरी चालेल, आत्याने पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं पाहिजे की या वेळी कुठे.

प्रश्न : सॅकमधे काय काय आणि किती वजन? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. (लोकमान्य नगर)

उत्तर : मोठ्या माणसाने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर उचलू नये, पहिल्या वेळेला त्याच्याही कमी. ६० किलोच्या माणसाला १२ किलो म्हणजे पाणी धरून १२, हे लोक विसरतात, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना स्वतःचं पाणी, जाकीट आणि खाऊ, बस. ज्येष्ठांना तेवढंच.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून मधे, रेनकोट सगळ्यात वर. कमरेचा पट्टा आधी घट्ट करायचा मग खांद्याचे, कारण वजन कमरेवर यायला हवं, खांद्यावर नाही. जीन्स घरी ठेवा, सुती कपडे पण कमी, सुती भिजलं की वाळत नाही आणि डोंगरात थंडी बाधते ती ओल्या कपड्यानेच. चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड आणि तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही. लोकरीची टोपी, हेडटॉर्च, शिट्टी, मोज्यांचे तीन जोड. सामायिक वस्तू निघायच्या आदल्या दिवशी एका हॉलमधे सगळ्यांनी मिळून जमिनीवर मांडा, पाच घरांतून पाच चाकू आणि पाच टूथपेस्ट निघतात, तिथेच तीन-चार किलो वाचतात.

बूट नवे घेतले असतील तर निघायच्या महिनाभर आधीपासून भाजी आणायला पण तेच घालून जा.

प्रश्न : खायचं काय? आमच्याकडे मॅगीवर एकमत आहे पण सासूबाईंना चालत नाही.

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, चार दिवस मॅगीवर चढ चढला जात नाही. आपल्या मराठी-माळवी स्वयंपाकघरात ट्रेकचं इतकं खाणं आहे की बाहेरून काही आणायची गरज नाही. मेतकूट आणि भात, वर डब्यात नेलेलं तूप. भाजणी नेली की थालीपीठ. गुळाच्या दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात. सत्तू, लाडू, दाणे-गूळ, आणि सेव, आपली इंदुरी सेव डोंगरात कशावरही टाका, त्या नुसत्या भाताला एकदम घर आठवतं. कोरडे पोहे नेले तर सकाळी दहा मिनिटांत नाश्ता.

एक गोष्ट मात्र माहीत हवी. उंचीवर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं, ढोबळ मानाने दर ३०० मीटरला एक डिग्री कमी. ३५०० मीटरवर पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच खळखळतं, मग तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते आणि गॅस संपतो. हिमालयात जाताना छोटा कुकर न्याच, नाहीतर मुगाची डाळ आधी भाजून भरडून न्या, ती शिजते. साल्हेर-पचमढीच्या उंचीला एवढा फरक पडत नाही.

आणि स्वयंपाक एकाच बाईच्या गळ्यात टाकू नका. रोज एक जोडी, सासू-नातू, दीर-पुतण्या, मित्र-मित्र. घरी कधी ओट्याशी न फिरकलेल्या माणसाने थंडीत बसून सगळ्यांसाठी चहा केला की त्या चहाची चर्चा वर्षभर चालते.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो पण आम्हा बायकांचा मुख्य प्रश्न टॉयलेटचा आणि पाळीचा आहे. (तीन वाचकांनी विचारलंय)

उत्तर : संकोच नको, याच एका कारणासाठी कितीतरी बायका येत नाहीत आणि ते मला फार लागतं. बहुतेक कॅम्पवर टॉयलेट टेंट असतो, नसेल तर छोटं खुरपं न्या. पाण्यापासून किमान ६० मीटर लांब म्हणजे मोठी ७०-८० पावलं, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने पूर्ण बुजवायचा. जाताना दोघींनी जायचं, एकीने ओढणी धरायची. पाणी कमी प्यायचं नाही, टॉयलेट टाळायला म्हणून पाणी न पिणं हे सगळ्यात वाईट, उंचीवर तर धोक्याचं.

पाळीची तारीख थंडीने, दगदगीने पुढे-मागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सामान न्या. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून बंद पिशवीत, आणि ती पिशवी परत खाली आणायची, पुरायचं नाही, जाळायचं नाही. आणि ग्रुपमधल्या एका मोठ्या बाईने पहिल्याच दिवशी हे सगळं मुलींसमोर मोकळेपणाने बोलून टाकावं, मग मुली चारही दिवस मोकळ्या राहतात.

प्रश्न : वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, मुलगा ११ वर्षांचा. हिमालयात ऑक्सिजन कमी असतो म्हणतात, भीती वाटते. (पळसीकर कॉलनी)

उत्तर : वडिलांसाठी आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि डोंगराची उंची, रोजचे तास, ओझं हे आकडे कागदावर लिहून न्या, नुसतं फिरायला जातोय असं सांगू नका. डॉक्टर नको म्हणाले तर नको, तिथे वाद नाही.

बाकी उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तो वय, ताकद काही बघत नाही, रोज पळणाऱ्या तरुणाला होतो आणि त्याच्या आजोबांना होत नाही असं सर्रास घडतं. उपाय एकच, हळू चढायचं. ३००० मीटरच्या वर गेलात की आजच्या झोपायच्या जागेपेक्षा उद्याची जागा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण थांबायचं. म्हणूनच मी सारखी म्हणते की घाईचं पॅकेज घेऊ नका, एक दिवस जास्तीचा असलेलं घ्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय असं झालं तर त्या दिवशी वर जायचं नाही, आराम करायचा. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं, कुणाच्या तरी सोबतीने. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स ही गोळी असते पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आवर्जून सांगावं. आणि कुठलीही गोळी घेऊन वर चढत राहणं हा उपाय नव्हे.

मुलाचं बघा, मुलांना काय होतंय ते नीट सांगता येत नाही. खेळणारं पोर एकदम चिडचिडं झालं, आवडीचं खात नाही, कोपऱ्यात बसलं, तर उंची लागलीय असंच धरून चाला.

प्रश्न : इंदूर तर सपाट आहे, सराव कुठे करू?

उत्तर : सपाट कुठे, रालामंडल आहे ना. आठवड्यातून दोनदा सॅक भरून रालामंडलची टेकडी, वर होळकरांच्या शिकारगाहपर्यंत, आणि रविवारी देवगुराडिया किंवा जानापाव. बाकी दिवशी जिने. उतरायचा सराव जास्त करा, गुडघे उतारावर बोलतात.

प्रश्न : मी रामबागेतली ७१ वर्षांची आजी. मुलगा, सून, नातवंडं, भाची, तिचे मिस्टर असे सगळे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणार म्हणतात. माझे गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले की बाकी तब्येत चांगली आहे, थोडं चालायला हरकत नाही. मुलं म्हणतात आई तू पुढच्या वेळी. मला माहितीय पुढची वेळ म्हणजे काय असते. मी जाऊ शकते का?

उत्तर : आजी, जाऊ शकता, आणि तुम्ही कुणावर भार होणार नाही अशी ती जागा आहे, म्हणून हे पत्र मुद्दाम शेवटी आणि सविस्तर घेतलंय. तुमच्या मुलाने वाचावं.

फुलांच्या दरीत रात्री कुणालाच राहता येत नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ पासून जागतिक वारशातही आहे, सकाळी आत जायचं आणि संध्याकाळी बाहेर यायचं हा सगळ्यांना नियम. म्हणजे मुक्काम सगळ्यांचा दरीच्या अलीकडच्या घांघरिया गावातच. मुलं दिवसभर दरीत, दुसऱ्या दिवशी वरच्या हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याला, आणि रोज संध्याकाळी तुमच्याकडे परत. घांघरियाला साधी लॉज आहेत, गुरुद्वारा आहे, लंगर आहे, आजूबाजूला जंगल आहे. तुम्ही तिथे तीन रात्री राहिलात तर या ट्रेकचा मोठा भाग तुम्ही केलाच, आणि संध्याकाळी गरम वरणभाताशी बसून आज कुठली फुलं दिसली ते सगळ्यात आधी तुम्ही ऐकाल. गुडघे बरे असतील त्या दिवशी दरीच्या वाटेने झेपेल तेवढं जा, नातवंडांपैकी एकाने सोबत राहायचं आणि तुम्ही म्हणाल तिथून मागे फिरायचं.

पोचायचं कसं ते सांगते. इंदूरहून हरिद्वारला थेट गाडी आहे पण रोज नाही, त्यामुळे तारखा तिच्यावर बसवा. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून बद्रीनाथच्या रस्त्याने जोशीमठ, एका दिवसात पोचलात तरी दमाल, वाटेत एक रात्र घ्या. मग जोशीमठ किंवा गोविंदघाटला एक पूर्ण रात्र, सुमारे १८०० मीटरवर, शरीराला सवय व्हायला. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, तिथून घांघरियापर्यंत साधारण १० किलोमीटर चढ, बाकीचे पायी आणि तुम्ही घोड्यावर. घोडा पुलनालाच ठरवा, घोडेवाल्याला पहिल्यांदाच सांगा की आमची माणसं चालत येतायत त्यांच्या वेगाने चल, आणि मुलाला सांगा की घोडा पुढे पाठवून द्यायचा नाही. उतारावर घोड्यावर बसणं गुडघ्यांना आणि कमरेला त्रासाचं होतं, तर परत येताना तीव्र उतार आला की उतरून काठी घेऊन थोडं चाला, मग परत बसा. हवामान चांगलं असेल तर सीझनमधे गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर पण असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

घांघरिया ३००० मीटरच्या थोडं वर आहे, म्हणजे आपल्या इंदूरपेक्षा अडीच हजार मीटर उंच, त्या हिशोबाने हवा पंधरा-सोळा डिग्री थंड. लोकरीचे मोजे, कानटोपी, गुडघ्यांना बांधायचे पट्टे, गरम पाण्याची पिशवी, आणि रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, अर्ध्या तुमच्याकडे अर्ध्या सुनेकडे. हेमकुंड मात्र चार हजार मीटरच्या वर आहे, तिथे तुम्ही जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तो पावसाचाच काळ असतो, दरड कोसळून बद्रीनाथचा रस्ता एक-दोन दिवस बंद पडतो, तेव्हा परतीच्या तिकिटाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. मुलाला म्हणावं रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आजच तारीख ठरव आणि आईचं तिकीट खालच्या बर्थचं काढ.